झाकण मागाहून करू नका

मंडळी, हाताने भांडी घडवणाऱ्यांची एक तक्रार मी सतत ऐकतो: अगदी माप घेऊन केलं होतं, तरी झाकण बसत नाही. माप बहुतेक वेळा बरोबरच असतं. गडबड असते ती माप घ्यायच्या वेळेत.

जरा हिशेब करू. माती ओलीची सुकी होताना आक्रसते. साधारण ६ टक्के धरा; चिवट माती याहून जास्त आक्रसते, भाजलेल्या मातीचा चुरा मिसळलेली कमी. मडक्याचं तोंड ओलं असताना १५० मिलिमीटर होतं, सुकल्यावर ते १४१ झालं. आता आठवड्याने तुम्हाला झाकण आठवलं. सुक्या तोंडावर पट्टी धरून तुम्ही ओल्या मातीचं १४१चं झाकण केलंत. तेही सुकणारच आणि १३२.५वर येणार. साडेआठ मिलिमीटर गेले! तोंडाच्या आतल्या खाचेवर टेकायचं झाकण असेल, तर ते थेट आमटीत.

म्हणून एकाच गोळ्यातून, एकाच दिवशी, जवळपास सारख्या जाडीची दोन्ही करायची. ही अर्धी गोष्ट झाली.

उरलेली अर्धी अशी, की आपलं भांडं गोल नसतं. चाकावरच्या कुंभाराला एक व्यास मोजला की पुरतं. वळ्या रचून केलेल्या मडक्याचं तोंड इकडून १५०, तिकडून १४६ भरतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण मग परकाराने आखलेलं झाकण त्यावर बसायचं कसं? माझ्या मते यावर सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे भांडं आधी पूर्ण बंद घडवायचं. वळ्या आत आत घेत तोंड मिटवून टाका. आत कोंडलेली हवा भिंतींना आधार देते, त्यामुळे बाहेरून फळीने थापटून आकार नीट करता येतो. थापटून झालं की सुईने एक भोक पाडा, नाहीतर माती आक्रसताना आतली हवा तिला तडकवते. नखाने दाबलं तर जेमतेम ओरखडा उठेल इतकी माती घट्ट झाली की पातळ पात्याची सुरी घ्या. पातं आडवं धरू नका. टोक आत आणि थोडं खाली झुकलेलं ठेवा, आणि भांडं फिरवत कापत जा. एका जागी मुद्दाम व्हीसारखी खाच घ्या. झाकण सुटून येतं, त्याचा काठ खाली निमुळता असतो, म्हणून ते घसरत नाही. आणि खाचेमुळे ते एकाच बाजूने बसतं, फिरवून शोधावं लागत नाही. तोंड कसंही वेडंवाकडं असो, झाकणही तितकंच वेडंवाकडं असतं. वाटल्यास झाकणाच्या आतून मातीची एक पट्टी, जोडायच्या दोन्ही जागा खरवडून, चिखल लावून जोडा. पट्टी आणि भिंत यांच्यात दीड-दोन मिलिमीटर मोकळे सोडा. झिलई चढवणार असाल तर अजून थोडे.

सुकवणं मात्र आपल्या किनाऱ्यावर वेगळं प्रकरण आहे. पावसाळ्यात माती सुकता सुकत नाही, सगळे कंटाळतात. पण झाकणाच्या दृष्टीने तो काळ वाईट नाही, कारण सगळं सावकाश आणि सारखं सुकतं. खरा त्रास उन्हाळ्यातल्या दुपारच्या खाऱ्या वाऱ्याचा. पडवीत ठेवलेल्या भांड्याची समुद्राकडची बाजू आधी सुकते, आधी आक्रसते आणि तोंड लंबगोल होतं. तेव्हा मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून झाकण भांड्यावरच ठेवा, वरून प्लास्टिक टाका आणि भांडं रोज थोडं फिरवा.

कुठलं झाकण कशाला, हे थोडक्यात सांगतो. शिजवायच्या मडक्याला काठाच्या आत उतरणारं झाकण घ्या. वाफेचं पाणी परत आतच पडतं. साठवणीच्या बरणीला टोपीसारखं, काठावरून बाहेर येणारं घ्या. पावसाळ्यात वरून ठिबकलेलं पाणी खाचेत साचत नाही, आणि दादरा बांधायलाही सोपं जातं. मीठ किंवा आगळ (कोकमाचा खारवलेला रस) मात्र कच्च्या भाजणीच्या, बिनझिलईच्या भांड्यात ठेवू नका. मीठ भिंतीत मुरतं, तिथे त्याचे खडे धरतात आणि पापुद्रे सुटू लागतात. आगळ आंबट असल्यामुळे शिशाची झिलई तर अजिबातच नको.

भाजताना झाकण भांड्यावर ठेवूनच भाजा. साधी लाल माती ९०० ते १००० अंशांवर भाजतात, तिथे झिलई नसेल तर चिकटायची भीती नाही. स्टोनवेअर, म्हणजे दगडासारखी घट्ट भाजली जाणारी माती, १२०० अंशांच्या वर जाते, तिथे माती मऊ पडून काठ वाकतो, म्हणून झाकण वर असणं जास्तच गरजेचं. तिथे टेकायच्या दोन्ही जागांवरची झिलई ओल्या स्पंजने पुसून काढा आणि चिकटू नये म्हणून मेणात कालवलेली ॲल्युमिनाची पूड लावा.

एवढं करूनही झाकण किंचित खडखडलं, तर टेकायच्या जागी कार्बोरंडमची (घासायची कठीण) पूड आणि पाणी घालून ते हळूहळू मागेपुढे घासा. व्ही-खाच घेतली असेल तर ते गोल फिरणार नाही, त्यामुळे घासायला वेळ लागतो. त्या भांड्यांना मी पॉलिश पेपरचा तुकडा वापरतो, आणि उंचवटा नेमका कुठे आहे ते आधी काठाला पेन्सिल फासून बघतो.