शिक्षेच्या वहीतले रकाने

(दृश्य: शिक्षा नोंदवहीचं उघडं पान, अगदी जवळून. बोट रकान्यांवरून सरकतं.)

तुरुंगात शिस्त मोडल्याबद्दल कैद्याला दिलेली शिक्षा या वहीत लिहितात. कैद्याचं नाव. नोंदणी क्रमांक. तुरुंगातला गुन्हा कोणता, कधीचा. याआधीचे गुन्हे किती. शिक्षा काय दिली, अमलात कधी आणली. कडेला जेलर आणि अधीक्षक, म्हणजे तुरुंगाचे प्रमुख, यांच्या आद्याक्षरी सह्या. १८९४ च्या कारागृह कायद्याचं कलम ५१ एवढं मागतं.

आता कैद्याचं म्हणणं कुठल्या रकान्यात आहे, ते शोधा.

गुन्हा गंभीर असला तर साक्षीदारांची नावं लिहावी लागतात. पण कैद्याचा बचाव आणि निकालाची कारणं नोंदवायची, ती फटक्यांची शिक्षा दिली तरच! म्हणजे फटके पडणार नसतील, तर तुमची बाजू लिहून ठेवायचं बंधन हे कलम घालत नाही.

(दृश्य, नाट्यरूपांतर: अधीक्षकांची खोली. टेबलासमोर उभा कैदी, मागे वॉर्डर.)

सुनावणी म्हणतात ती ही. कलम ४६ प्रमाणे अधीक्षकच विचारपूस करणार, तेच ठरवणार, शिक्षाही तेच देणार. तक्रार करणारा वॉर्डर त्यांच्याच हाताखालचा. वकिलाची खुर्ची चौकटीत दिसत नाही, कारण ती नसतेच.

(दृश्य: कायद्याचं पान, ओळी एकेक करून उजळतात.)

कलम ४६ मधल्या काही शिक्षा अशा. ताकीद. हातकड्या, बेड्या. तीन महिन्यांपर्यंत गोणपाटाचे कपडे. तीन महिन्यांपर्यंत वेगळं ठेवणं. माफी, म्हणजे शिक्षेच्या मुदतीत मिळालेली सूट, कापणं. माफी कापली की सुटकेची तारीख पुढं जाते.

(दृश्य: लिफाफा, मग सर्वोच्च न्यायालयाच्या पायऱ्या.)

तिहारमध्ये फाशी सुनावलेला एक कैदी होता, सुनील बात्रा. दुसऱ्या कैद्याचा वॉर्डरनं केलेला छळ त्यानं पत्रातून सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांना कळवला. न्यायालयानं त्या पत्रालाच याचिका मानलं. डॉ. वाय. एस. चितळे आणि मुकुल मुद्गल या वकिलांना न्यायमित्र, म्हणजे न्यायालयाला मदत करणारे वकील, नेमलं. तुरुंगात जाऊन कैद्याला भेटायची, कागद तपासायची मुभा दिली. २० डिसेंबर १९७९ ला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला. एकांत कोठडी, कष्टाचं काम, सवलती काढणं, शिक्षा म्हणून दुसऱ्या तुरुंगात हलवणं, यातलं काहीही सत्र न्यायाधीशांच्या नजरेखालून गेल्याशिवाय करायचं नाही. तातडीच असेल तर दोन दिवसांत त्यांना कळवायचं.

(दृश्य: भिंतीवरची तक्रारपेटी, कुलूप.)

ही पेटीसुद्धा त्याच निकालातली. ती ठेवायची आणि उघडायची जिल्हा दंडाधिकारी आणि सत्र न्यायाधीश यांच्या आदेशानं.

कैद्यांना कसं वागवावं याबद्दलचे संयुक्त राष्ट्रांचे २०१५ चे मंडेला नियम आणखी पुढं जातात. आरोप कैद्याला कळेल अशा भाषेत सांगा, तयारीला वेळ द्या, आरोप गंभीर असेल तर वकील द्या. मात्र हे नियम कोणत्याही सरकारवर कायद्यानं बंधनकारक नाहीत.

(दृश्य: मुलाखतीची जाळी, दोन्ही बाजूंना माणसं.)

आत कुणाला शिक्षा झाल्याचं मुलाखतीत कळलं, तर घरच्यांनी वकिलाला दोन कागद मागायला सांगावं: शिक्षा नोंदवहीतल्या नोंदीची नक्कल, आणि सत्र न्यायाधीशांना कळवल्याचं पत्र. दुसरा कागद आधी मागा.