शेवटच्या दहा सेकंदांचा गोलकीपर

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्लंडचे निवृत्त फुटबॉलपटू म्हटलं की बॉबी चार्ल्टन, गॅरी लिनेकर, डेव्हिड बेकहॅम ही नावं पुढे येतात. आज यांतलं एकही नाव घ्यायचं नाही. आज जिमी ग्लास या गोलकीपरबद्दल. नाव लक्षात ठेवा, जिमी ग्लास. तो इंग्लंडसाठी कधी खेळला नाही, प्रीमियर लीगमध्येही चमकला नाही. कार्लाइल युनायटेड या क्लबसाठी तर तो जेमतेम तीन सामने खेळला. पण कार्लाइलमध्ये आजही त्याचं नाव विसरलेलं नाही.

आधी त्याची कारकीर्द थोडक्यात. १९७३चा जन्म, गाव एप्सम, लंडनच्या दक्षिणेला. क्रिस्टल पॅलेसच्या तालमीत तयार झाला, पण तिथे गोलमध्ये नायजेल मार्टिन उभा. आता गोलकीपरची नोकरी कशी असते बघा. बचावपटूला उजवीकडे नाही तर डावीकडे, मध्ये नाही तर कडेला, कुठेतरी जागा मिळते. गोलकीपरची जागा एकच. पहिला गोलकीपर आजारी पडला किंवा विकला गेला, तरच दुसऱ्याचा नंबर लागतो. म्हणून हे दुसरे-तिसरे गोलकीपर सतत लोनवर जातात, म्हणजे दुसऱ्या क्लबकडे ठरावीक मुदतीसाठी उसने. जिमीही असाच फिरला.

१९९६ ते ९८ बोर्नमथमध्ये मात्र तो नियमित खेळला. एप्रिल १९९८मध्ये वेम्बलीवर ऑटो विंडस्क्रीन्स शील्डची अंतिम लढत होती, समोर ग्रिम्सबी टाउन. बोर्नमथ एका गोलने पुढे होता. बरोबरीचा गोल जिमीच्या नावावर लागला, पण स्वतःच्याच जाळ्यात, स्वयंगोल म्हणून. मग जादा वेळेत ग्रिम्सबीने गोल्डन गोल मारला आणि चषक नेला. तेव्हाचा नियम असा, जादा वेळेत पहिला गोल झाला की खेळ तिथेच खलास. हा नियम पुढे रद्द केला ते फार बरं झालं. गोल खाल्ल्यावर तो फेडायला वेळच मिळणार नसेल, तर संघ जिंकायला खेळतच नाहीत, हरू नये म्हणून खेळतात.

बोर्नमथनंतर स्विंडन टाउन. तिथे काही महिन्यांत तो संघाबाहेर बसला.

आता १९९९च्या वसंतात या. कार्लाइल हे उत्तर इंग्लंडमधलं, स्कॉटलंडच्या सीमेलगतचं शहर. क्लब १९२८पासून फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे सलग ७१ वर्षं. पण त्या मोसमात चौथ्या श्रेणीच्या तळाशी. आणि चौथ्या श्रेणीतून शेवटचा जो येईल तो लीगच्या बाहेर. बाहेर म्हणजे उत्पन्न घटणार, खेळाडू जाणार, आणि परतायचं तर कॉन्फरन्स या लीगखालच्या स्पर्धेत पहिलाच नंबर हवा. एकच संघ वर यायचा, एकच खाली जायचा. आपल्या आयपीएलमध्ये शेवटून पहिला आलेला संघ पुढच्या वर्षी त्याच रुबाबात लिलावाला बसतो. तिथे ही भीती नाही, म्हणून मोसमाच्या अखेरीला तळाच्या सामन्यांना अर्थच उरत नाही. इंग्लंडमध्ये तळाच्या सामन्यालाच सगळ्यात जास्त अर्थ असतो.

तर कार्लाइलने आपला गोलकीपर टोनी कैग ब्लॅकपूलला दिला होता. त्याच्या जागी डार्बी काउंटीकडून रिचर्ड नाइट लोनवर आणला, तर डार्बीने तो परत बोलावला. खेळाडू घेण्याची मुदत टळलेली. तीन सामने बाकी आणि गोलकीपरच नाही! अशा वेळी लीग खास परवानगी देते, कारण बाकी कुठल्याही जागी कुणीही उभा राहू शकतो, गोलमध्ये नाही. या परवानगीवर स्विंडनहून जिमी ग्लास आला. तीनच सामन्यांसाठी.

८ मे १९९९. ब्रंटन पार्क मैदान, समोर प्लिमथ आर्गाइल, साडेसात हजार प्रेक्षक. हिशेब नीट ऐका. कार्लाइलचे गुण ४६. तळाशी झगडणारा दुसरा संघ स्कारबरो, त्याचे ४७. विजयाला तीन, बरोबरीला एक. त्याच वेळी स्कारबरो आपल्या मैदानावर पीटरबरोशी खेळत होता. तो सामना १-१ सुटला, स्कारबरो ४८. म्हणजे कार्लाइलला बरोबरी पुरणार नव्हती, ४७वरच अडकले असते. विजयच हवा. पुन्हा सांगतो, विजयच हवा.

दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला प्लिमथने गोल केला. काही मिनिटांनी डेव्हिड ब्राइटवेलने लांबून मारून बरोबरी साधली. १-१. मग नव्वद मिनिटं संपली. तिकडे स्कारबरोचा सामना आधीच आटोपला होता. त्यांचे प्रेक्षक मैदानात उतरले होते, आपण वाचलो या आनंदात, आणि कार्लाइलच्या निकालाकडे कान लावून होते.

इकडे चार मिनिटांची भरपाई वेळ, तीही सरत आली. जेमतेम दहा सेकंद उरले असताना कार्लाइलला कॉर्नर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून मारायची किक, मिळाला. जिमीने बाकाकडे पाहिलं. मॅनेजर नायजेल पिअरसनने हात हलवला, जा पुढे! आणि हा गडी आपला गोल मोकळा टाकून मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत सुटला.

ग्रॅहम अँथनीने कॉर्नर घेतला. स्कॉट डॉबीने डोकं लावलं. प्लिमथच्या गोलकीपरने चेंडू अडवला, पण धरला नाही. चेंडू सुटून पुढे पडला, नेमका जिमीच्या पुढ्यात. उजवा पाय, एकच फटका, जाळ्यात! २-१. प्रेक्षक धावत मैदानात. मैदान मोकळं करून मध्यावरून पुन्हा खेळ सुरू केला आणि लगेच शिट्टी. कार्लाइल ४९, स्कारबरो ४८. कार्लाइल लीगमध्ये राहिला, स्कारबरो बाहेर गेला.

लोक याला नशीब म्हणतात. मला ते पटत नाही. बरोबरी आणि हार यांची किंमत जिथे एकच आहे, तिथे रिकाम्या गोलची भीती कसली? एरवी यात धोका असतो. कॉर्नर पहिल्याच बचावपटूने उडवला तर समोरचा संघ मध्यापासून थेट रिकाम्या गोलमध्ये चेंडू ढकलतो. म्हणून एक-दोन खेळाडू मागे मध्यरेषेपाशी ठेवायचे, आणि कॉर्नर आखूड मारायचा नाही. पण फायदा बघा. बचाव करणाऱ्यांनी कुणी कुणाला धरायचं हे आधी ठरवलेलं असतं. त्यात हा अकरावा, बहुधा उंच, कुणाच्याच वाट्याला नसलेला. त्याने आधीपासून गर्दीत उभं राहायचं नाही, उशिरा आत शिरायचं आणि सुटलेल्या चेंडूवर नजर ठेवायची. कॉर्नरवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड, म्हणजे चेंडूच्या आणि बचावाच्या पुढे आधीच उभं राहण्याचा दोष, नसतो, पण नंतर सहकाऱ्याने डोकं लावलं की नियम लागू होतो. गोलकीपरने अडवून सुटलेल्या चेंडूनेही त्यातून सुटका होत नाही. त्यामुळे मागून येणाराच फायद्यात.

पुढचं झटकन. कार्लाइलने त्याला कायम घेतलं नाही. केंब्रिज युनायटेड, ब्रेंटफर्ड, ऑक्सफर्ड युनायटेड असे क्लब झाले, आणि ज्या वयात गोलकीपर भरात येतात, त्या तिशीच्या आतच व्यावसायिक खेळ सुटला. मग संगणक क्षेत्रात विक्रीचं काम, मग डॉर्सेटमध्ये टॅक्सी. पुढे बोर्नमथनेच त्याला खेळाडूंचा संपर्क अधिकारी म्हणून बोलावलं. नवीन येणाऱ्या खेळाडूचं घर, मुलांची शाळा, अशी कामं या माणसाकडे असतात. कार्लाइल २००४मध्ये शेवटी लीगबाहेर गेलाच, पण वर्षभरात परतला. स्कारबरो क्लब मात्र २००७मध्ये कर्जात बुडून बंद पडला. तिथल्या चाहत्यांनी नवा क्लब उभा केला.

हा गोल इंटरनेटवर सहज सापडतो. चित्र नंतर बघा. आधी बीबीसी रेडिओ कंब्रियाच्या डेरेक लेसींचं समालोचन नुसतं ऐका. हल्ली टीव्हीवर साध्या थ्रो-इनलासुद्धा ओरडतात, त्यामुळे खऱ्या गोलला आवाज चढवायला जागाच उरत नाही. लेसींनी ती जागा राखली होती.

नमस्कार.