कुवेतची बातमी लंडनहून

(दृश्य: हर्णै बंदर, होड्या किनाऱ्याला लागतायत)

खेड, दापोली, श्रीवर्धन, या पट्ट्यात आखातात कुणी नाही असं घर सापडणं कठीण. त्यामुळे २ ऑगस्ट १९९० ला सद्दामची फौज कुवेतमध्ये घुसली तेव्हा इथं ती परदेशातली बातमी नव्हतीच, पोरगा तिकडे, फोन लागत नाही, पत्र येत नाही, मग संध्याकाळी ट्रान्झिस्टरवर बीबीसी हिंदी, खरखरीतून जेवढं कळेल तेवढं.

आता हे बघा. ती सर्व्हिस तेव्हा चालायची ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या पैशावर, आणि जानेवारी १९९१ मध्ये ब्रिटनचीच विमानं इराकवर बॉम्ब टाकत होती. लढणाऱ्यातल्याच एकाचा रेडिओ! तरी लोकांनी विश्वास ठेवला आणि माझ्या मते बरोबर केलं.

(दृश्य: सुएझ कालवा, जुनं फुटेज)

कारण १९५६. सुएझ कालव्यावरून ब्रिटनने इजिप्तवर हल्ला केला, पंतप्रधान ईडन रेडिओवरून देशाशी बोलले, आणि दुसऱ्याच दिवशी बीबीसीने विरोधी पक्षनेते गेटस्केलना माइक दिला, ते सरळ युद्धाच्या विरोधात बोलले आणि हा विरोध बाहेरच्या देशांनाही ऐकवला गेला. सरकार जाम भडकलं. त्याच वेळी सायप्रसवरचं शर्क अल-अदना हे अरबी स्टेशन सरकारने थेट ताब्यात घेतलं, तर तिथल्या अरब स्टाफने काम सोडलं. पैसा दोन्हीकडे ब्रिटनचाच, पण बातमी कोण ठरवतं हा फरक.

आणि हा फरक कायमचा नसतो हो. अमेरिकन सरकारच्या पैशावर चालणाऱ्या व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओची बातमी निष्पक्ष असावी असा १९७६ पासून कायदा आहे, तरी मार्च २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने तेराशेवर लोकांना एका झटक्यात रजेवर पाठवलं.

आज आपल्या मोबाइलवर असते अल जझीरा ही वृत्तवाहिनी, पैसा कतारचा. २०१७ ला सौदी, यूएई, बहरीन, इजिप्तने कतारची कोंडी केली, तेव्हा अल जझीरा बंद करा ही त्यांची एक मागणीच होती, म्हणजे शेजाऱ्यांना ती किती टोचते बघा. गाझा, सुदान, तिकडचं काम खरंच जबरदस्त आहे. पण कतारच्या राजघराण्यावर तेवढीच कडक बातमी तिथं शोधून बघा, हाताला फारसं लागत नाही. म्हणून कतारच्या राजधानीत, दोह्यात, आपलं माणूस असेल तर गाझाचं तिथं बघा, पण कतारमधल्या कामगारांच्या पगाराचं, राहण्याचं काय चाललंय हे दुसरीकडूनही वाचा, आणि त्या माणसाला फोन करून विचारा.