बिन-वेताळाचे इंद्रजाल

[जुना बाजार, सकाळ. ताडपत्रीवर मांडलेली पुस्तकं]

पुण्याचा जुना बाजार. रविवारी आणि बुधवारी भरतो. पितळी बंब, घड्याळांचे सुटे भाग, गाड्यांचे आरसे, जुनी नाणी, आणि मध्येच कुठेतरी अशी एखादी पुस्तकांची ताडपत्री. आता कॅमेरा जिथे थांबलाय तिथे जुन्या इंद्रजाल कॉमिक्सचे दोन ढीग आहेत बघा. डावीकडचे अंक एकेक करून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेत, तो वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, मुखवटा आणि अंगठीवाला. विकणाऱ्या काकांना पक्कं माहितीय की वेताळाला गिऱ्हाईक आहे, त्यात साठच्या दशकातला अंक कव्हरसकट मिळाला तर भाव हजारांत जातो, त्यामुळे ती पिशवी उघडून बघायलासुद्धा देत नाहीत. उजवीकडचा ढीग सुतळीने बांधलाय, वरच्या अंकाचं कव्हर अर्धं गेलंय. त्यात इंद्रजालचे बाकीचे नायक, रिप किर्बी आहे, बझ सॉयर आहे, गार्थ आहे, माईक नोमॅड आहे, बहादूर आहे.

"त्यातलं कुठलंही घ्या, पन्नासला एक. गठ्ठाच उचलला तर कमी करू."

आपण आज हा उजवीकडचा ढीग बघणार आहोत.

[जुन्या अंकांची मुखपृष्ठं, एकामागून एक]

थोडं मागे जाऊ. इंद्रजाल कॉमिक्स सुरू झालं मार्च 1964 मध्ये. काढणारे बेनेट कोलमन, म्हणजे टाइम्स ऑफ इंडियावाले. त्यांच्याच इलस्ट्रेटेड वीकलीत वेताळाची चित्रपट्टी आधीपासून यायची, लोकांना तो माहीत होता, म्हणून पहिले 32 अंक सलग वेताळाचेच काढले. आजचा सगळा भाव आणि सगळी मारामारी तिथेच अडकलीय. ही सुरुवातीची मुखपृष्ठं बघा, बी. गोविंद यांच्या हातची रंगवलेली, ती बघून कुणालाही घ्यावीशी वाटणारच, त्यात काही चूक नाही. पण 32 अंकांनंतर जादूगार मॅन्ड्रेक आला, अंतराळात लढणारा फ्लॅश गॉर्डन आला, मग हळूहळू बाकीचे आले, आणि 1990 मध्ये बंद पडेपर्यंत आठशेच्या आसपास अंक निघाले. इंग्रजी, हिंदी, मराठी, गुजराती, बंगाली, तामिळ अशा कितीतरी भाषांत निघाले. म्हणजे वेताळ वेगळा काढला तरी मागे भलामोठा साठा उरतो, आणि त्यातल्या मराठी अंकांकडे तर कुणी ढुंकून बघत नाही.

मला वाटतं खरा संग्रह इथून सुरू करावा. कारण साधं आहे, सलग अंक जमवायची मजा खिशाला परवडेल अशा पैशात फक्त इथेच मिळते. वेताळाचा एक जुना अंक घ्यायच्या पैशात रिप किर्बीची रांग लागते.

[क्लोजअप: रिप किर्बीचं एक पान, भिंग फिरतंय]

हे पान जरा नीट बघू. चष्मा, तोंडात पाइप, हा रिप किर्बी, खासगी गुप्तहेर. आणि शेजारी ट्रे घेऊन उभा आहे तो त्याचा नोकर डेसमंड, जो आधी स्वतःच चोऱ्या करायचा. ही चित्रपट्टी अ‍ॅलेक्स रेमंडने 1946 मध्ये सुरू केली, तोच ज्याने फ्लॅश गॉर्डन काढला होता. 1956 मध्ये रेमंड कार अपघातात गेला, आणि मग जॉन प्रेंटिसने ती हातात घेतली ती थेट 1999 पर्यंत.

आता भिंगाखाली रंग बघा. बारीक बारीक ठिपके दिसतात, आणि कोटाचा निळा रंग रेषेच्या बाहेर सांडलाय, ओठांचा लाल गालावर आलाय. लोक म्हणतात छपाई खराब. मी म्हणेन थांबा जरा. रिप किर्बी मुळात अमेरिकेत फक्त रोजच्या पेपरात यायचा, काळा-पांढरा. रविवारचं रंगीत पान त्याला कधी नव्हतंच. म्हणजे हा जो रंग दिसतोय तो तिकडून आलेला नाही, तो इथे भरलाय. कुणीतरी टेबलावर बसून ठरवलंय की डेसमंडचं जाकीट कुठल्या रंगाचं, पडदा कुठल्या रंगाचा, रात्रीचं आकाश जांभळं करायचं का निळं. हे पान अमेरिकेतल्या संग्राहकाकडे नाहीये. ते या पन्नास रुपयाच्या अंकात आहे.

[टेबलावर कात्रणं मांडून दाखवलेली पट्टी]

पानाची मांडणी कशी होत असेल ते समजावं म्हणून आम्ही ही एक पट्टी कापून मांडलीय. पेपरातली पट्टी आडवी असते, एका ओळीत तीन किंवा चार चौकटी. पहिल्या चौकटीत काल काय झालं त्याची आठवण, शेवटच्या चौकटीत उद्यापर्यंत थांबायला लावणारं काहीतरी. आता हेच तुम्हाला उभ्या पानावर बसवायचंय. मग आठवण करून देणारी चौकट काढून टाकायची, कारण वाचणारा मुलगा मागचं पान आत्ताच वाचून आलाय. मग उरलेल्या चौकटी लहानमोठ्या, काहींच्या कडा छाटायच्या, काही ठिकाणी चित्र ओढून वाढवायचं. मग फुग्यातलं इंग्रजी जाऊन तिथे मराठी बसवायचं, आणि मराठी वाक्य लांब झालं की ते आखडायचं कारण फुगा काही मोठा होत नाही. ही चौकट बघा, माणसाचा खांदा मध्येच तुटलाय आणि मागची भिंत जरा जास्तच रुंद झालीय, ती जागा भरायला वाढवलेली. एकदा हे डोळ्यांना कळलं की प्रत्येक पानावर सापडायला लागतं, आणि मग गोष्ट बाजूला राहते आणि आपण नुसत्या कडा बघत बसतो, असं माझं तरी होतं.

बझ सॉयर हा रॉय क्रेनचा, 1943 पासूनचा, नौदलाचा वैमानिक. गार्थ लंडनच्या डेली मिररमधला, तोही 1943 चाच, काळातून मागेपुढे फिरणारा ताकदवान गडी. फिल कॉरिगन गुप्तचर, केरी ड्रेक पोलिसी कथांमधला. यातला एकेक घेऊन बसलो तर वेगळा व्हिडिओ होईल, म्हणून पुढे जाऊ, कारण मला बहादूरवर यायचंय.

[बहादूरचं मुखपृष्ठ: भगवा कुर्ता, जीन्स]

हा बहादूर. 1976 मध्ये आबिद सुरती यांनी लिहायला घेतला आणि चित्रं काढली गोविंद ब्राह्मणिया यांनी. आबिद सुरती म्हणजे धर्मयुग या हिंदी साप्ताहिकातल्या ढब्बूजी या व्यंगचित्रपट्टीवाले, लेखक, चित्रकार, आणि हल्लीच्या मुलांना माहीत असतील तर मीरा रोडला घरोघरी जाऊन गळके नळ फुकट दुरुस्त करून देणारे म्हणून.

त्या काळी चंबळ सगळ्यांच्या डोक्यात होतं. 1972 मध्ये जयप्रकाश नारायणांपुढे डाकूंनी शस्त्रं टाकली होती, 1975 मध्ये शोले येऊन गेला होता. आणि इंद्रजालमध्ये तोवर सगळे नायक बाहेरचे. बहादूर इथल्या मातीतला. बाप डाकू भैरवसिंग, पोलिसांच्या गोळीने मेला. आणि ज्याच्या हातून मेला तो पोलीस अधिकारी विशाल, त्यानेच या पोराला वाढवलं. पोराच्या मनात सूड होता, पण बाप खरा काय होता ते कळल्यावर त्याने रस्ता बदलला आणि डाकूंशी लढायला गावातल्या लोकांचंच एक दल उभं केलं, नागरिक सुरक्षा दल, नासुद. सोबत बेला, मारामारीत कुणाला न ऐकणारी. हा कपड्यांचा मेळ बघा, वर भगवा कुर्ता आणि खाली जीन्स. सत्तरच्या दशकातला कॉलेजातला पोरगा असाच दिसायचा, मुखवटा नाही, अंगठी नाही, जादू नाही.

ही पानं मी मुद्दाम जास्त वेळ दाखवतोय. बीहडाच्या घळी, उडालेली धूळ, जीप, दूरवर टेकडीच्या कडेला घोडेस्वार. हे कुणाच्या पट्टीतून कापून बसवलेलं नाही, हे पानासाठीच काढलंय, त्यामुळे चौकटी मोकळ्या आहेत, खांदे तुटत नाहीत. मघाचं रिप किर्बीचं पान आणि हे शेजारी ठेवा, फरक आपोआप दिसतो. पुढे जगजीत उप्पल बहादूरच्या कथा लिहायला लागले. शेवटच्या काळात टिंपासुद्धा आला, कोलकात्याचा शाळकरी गुप्तहेर, जहर दासगुप्तांचा. हे अंक आजही गठ्ठ्यात निघतात आणि विकणाऱ्याला ते वेगळे काढावेसे वाटत नाहीत. मला याचं खरंच वाईट वाटतं.

[हात अंक चाळतायत, क्रमांकावर बोट]

आता कामाची गोष्ट. सुरुवातीला अंकांना सरळ नंबर होते, एक, दोन, तीन असे. चारशेच्या पुढे गेल्यावर, 1983 च्या सुमारास, पद्धत बदलली आणि वर्ष आणि अंक असं यायला लागलं. म्हणजे इथे लिहिलंय वर्ष 24, अंक 17. वर्षाच्या आकड्यात 1963 मिळवायचे, झालं 1987. आणि तोवर इंद्रजाल आठवड्याला निघत होतं, म्हणजे सतरावा अंक साधारण एप्रिलच्या शेवटचा, ऐन परीक्षा संपायच्या वेळचा. वहीत एकेका वर्षाचे 52 चौकोन आखायचे आणि मिळेल तसे भरायचे. हा ऐंशीच्या दशकातला साप्ताहिक काळच सगळ्यात स्वस्त आहे, कारण छापले भरपूर, छापील किंमत दोन-तीन रुपये, आणि तेव्हाच्या वाचकांनी ते जपण्यासारखं काही मानलंच नाही. पॉपिन्सच्या जाहिराती, गोल्ड स्पॉटच्या जाहिराती, सगळं आत तसंच आहे.

[बाइंड केलेला खंड उघडताना]

आणि हे खंड! हे कुणाला नको असतात. गिरगावात, दादरला, सदाशिव पेठेत दिवसाच्या भाड्यावर पुस्तकं देणारी छोटी वाचनालयं होती, सुट्टीत पोरांची रांग लागायची. ते लोक दहा-बारा अंक एकत्र घेऊन बाजूने जाड दोऱ्याने शिवायचे, वरून पुठ्ठा, पाठीला कापडी पट्टी. शिवताना कडा सारख्या कापल्या जायच्या, त्यामुळे सुटा अंक गोळा करणारे याला हात लावत नाहीत. पण उघडून बघा, आत पहिल्या पानावर वाचनालयाचा जांभळा शिक्का, 'पाने फाडू नयेत', आणि आतले रंग एकदम ताजे, कारण उजेड लागलाच नाही. पिनाही बऱ्याचदा काढलेल्या, म्हणजे गंजाचे डाग नाहीत. मला सुट्या दहा अंकांपेक्षा असा एक खंड जास्त आवडतो, भाव तर त्याच्याहून कमी.

सुट्या अंकांची पिन गंजलेली असेल तर ती आधी काढा. ओढायची नाही, पातळ पट्टीने मागून पाय सरळ करून हळूच काढायची आणि त्याच भोकांतून सुती दोरा घालायचा. कसर लागू नये म्हणून उन्हात वाळवत बसू नका, पानं कडक होऊन तुटतात. कोरडं कपाट, अंक आडवे ठेवलेले, आणि अधूनमधून उघडून बघणं.

[रद्दीचा टेम्पो, गठ्ठे चढवताना]

आमच्या शूटिंगच्या दिवशीच हा टेम्पो भरत होता. बांधलेला माल किलोवर जातो, लगदा होतो, विषय संपला.

[टेबलावर वही, काही चौकोन रिकामे]

ऑनलाइन शोधलं तर इंग्रजी आणि हिंदी इंद्रजालचे फोटो, याद्या बऱ्यापैकी सापडतात, मराठीचं त्या मानाने फार थोडं हाताला लागतं. म्हणून एक विनंती आहे. तुमच्या घरी, मामाकडे, गावच्या माळ्यावर मराठी इंद्रजाल असतील आणि त्यात वेताळ नसेल, तरी द्यायच्या आधी मुखपृष्ठ आणि ज्या पानावर वर्ष-अंक छापलाय ते पान, असे दोन फोटो काढा आणि खाली कमेंटमध्ये नंबर लिहा. कव्हर फाटलेलं असलं तरी चालेल, बाइंड केलेलं असेल तर त्यातले सगळे नंबर लिहा. वर्ष 25 आणि 26 मधले बहादूर आणि टिंपा आमच्या यादीत फार कमी आहेत, तिथून सुरुवात केलीत तर बरं होईल.