बडा घर, पोकळ वासा

नमस्कार श्रोतेहो. मी ठाण्याहून बोलतेय, नौपाड्यातून. लंडनच्या टॉटनहॅम हॉट्स्पर या फुटबॉल क्लबची मी चाहती आहे. हे मी सहसा कुणाला सांगत नाही, कारण पुढचा प्रश्न ठरलेला: "मग काय जिंकलं तुमच्या क्लबनं?"

आमचे बाबा तर त्याहून सरळ. रात्री साडेबाराची मॅच, टीव्हीचा आवाज बंद, तरी माझा सुस्कारा त्यांना आतल्या खोलीत ऐकू जातो. "अगं, तुझ्या बापाचा क्लब आहे का?"

नाही ना बाबा. तिथंच तर घोडं पेंड खातंय.

बाबा अकरा वर्षं आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते, त्यामुळे मला क्लबचा कारभारही सोसायटीच्याच भाषेत कळतो. सिंकिंग फंड भरलेला, गेट नवं कोरं, लॉबीत संगमरवर आणि लिफ्ट मात्र तिसऱ्या मजल्यावर अडकलेली. टॉटनहॅमचं तसंच. 2019 मध्ये त्यांनी 62 हजारांवर प्रेक्षक बसतील असं स्टेडियम उघडलं, खर्च सुमारे एक अब्ज पौंड. हिरवळीचे तीन भाग होतात, ते स्टँडखाली सरकतात आणि खालचं अमेरिकन फुटबॉलचं मैदान उघडं पडतं. पाहून मलाही अभिमान वाटतो, खोटं कशाला बोलू? पण ते बांधून होत असताना, 2018 च्या उन्हाळ्यात, क्लबनं नवा खेळाडू घेतला नाही. एकही नाही.

तरी त्याच संघानं पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या सर्वांत मोठ्या क्लब स्पर्धेची, फायनल गाठली. उपांत्य सामन्यात अ‍ॅमस्टरडॅमला आमच्या लुकास मौराचा तिसरा गोल 96 व्या मिनिटाला गेला, तेव्हा शेजारी उठू नयेत म्हणून मी उशीत तोंड खुपसून ओरडले होते. फायनल लिव्हरपूलनं जिंकली. ठीक आहे, हरणं खेळात असतंच, त्याला माझी हरकत नाही. पण ज्या प्रशिक्षक पोचेटिनोनं तिथवर नेलं त्याला सहा महिन्यांच्या आत नारळ दिला. पुढे 2021 मध्ये लीग कपची फायनल सहा दिवसांवर आली असताना त्याच्या जागी आलेल्या मोरिन्योला काढलं. दारात मांडव पडलाय आणि भटजी बदलताय! ती फायनलही गेली. हॅरी केननं क्लबसाठी विक्रमी 280 गोल केले आणि एकाही करंडकाला हात न लावता 2023 मध्ये तो जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबकडे गेला. तिथं दुसऱ्याच मोसमात लीग जिंकला. मला आनंद झाला, आणि जळलेही.

या क्लबचं ब्रीदवाक्य माहितेय? धाडस करणं म्हणजेच करून दाखवणं. लॅटिनमध्ये आहे, म्हणून बरं.

बार्सिलोना, रिआल माद्रिदचे सभासद मत देऊन अध्यक्ष निवडतात. जर्मनीत मतांचा अर्ध्याहून जास्त वाटा सभासदांकडेच राहावा असा नियम आहे, त्याला अपवाद मोजके. आमच्या सोसायटीतही एक सभासद, एक मत. वार्षिक सभेत दुसऱ्या मजल्यावरच्या काकू बाबांना पंपाच्या बिलावरून तासभर उभं करायच्या. टॉटनहॅमच्या चाहत्याला तेवढाही अधिकार नाही. डॅनियल लेव्ही 2001 पासून अध्यक्ष होते. स्टँडमध्ये बसून त्यांच्या नावानं ओरडायचं, एवढंच लोकांच्या हातात. आणि मी तर तिकीटसुद्धा काढत नाही. माझा हिस्सा टीव्हीच्या वर्गणीपुरता. पण अशाच परदेशी प्रसारणातून टॉटनहॅम खेळतं त्या इंग्लंडच्या प्रीमियर लीगला अब्जावधी पौंड मिळतात, तेव्हा मलाही चार शब्द बोलू द्या.

मग आला मे 2025. लीगमध्ये सतरावा नंबर, तरी बिलबाओला मँचेस्टर युनायटेडला 1-0 हरवून युरोपा लीग, म्हणजे चॅम्पियन्स लीगच्या खालची स्पर्धा, जिंकलो. सतरा वर्षांनी करंडक! त्या रात्री बाबा स्वतः उठून बाहेर आले आणि माझ्याशेजारी बसले. सोळा दिवसांनी क्लबनं प्रशिक्षक पोस्टेकोग्लूला काढलं. सप्टेंबरमध्ये लेव्हीही पायउतार झाले, पण ते नंतरचं.

प्रशिक्षकाची बातमी मी बाबांना वाचून दाखवली. त्यांनी चष्मा वर केला.

"जिंकल्यावर काढलं?"

"हो."

थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "लेखी दे. आणि पोच घ्यायला विसरू नकोस."