रिपोर्टमध्ये काही नाही, मग गोळी कशाला?

मंडळी, निपाणी असो, खानापूर असो की अथणी, एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, घेणारी माणसं एक प्रश्न हमखास विचारतात. "डॉक्टर, व्हायरल लोडमध्ये विषाणू सापडलाच नाही म्हणता, मग गोळी आणखी किती दिवस?" व्हायरल लोड म्हणजे रक्तात किती विषाणू आहे, त्याची तपासणी. प्रश्न अगदी रास्त आहे. टीबीचासुद्धा कोर्स संपतो. मग ह्याचाच का संपू नये?

एचआयव्ही सीडी फोर पेशीत, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका पांढऱ्या पेशीत, शिरला की आपली जनुकीय प्रत थेट तिच्या डीएनएत जोडून टाकतो. अशा बहुतेक पेशी लवकर मरतात. पण जुन्या आजारांची आठवण जपणाऱ्या काही सीडी फोर पेशी वर्षानुवर्षं स्वस्थ पडून असतात, आणि त्यांच्यातला विषाणूही गप्प राहतो. टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर, ही आपल्या एका गोळीतली तिन्ही औषधं त्याला नव्या पेशीत बस्तान बसवू देत नाहीत. आधीच बसलेल्याला मात्र ती हात लावू शकत नाहीत. ऊस तोडून नेला की रान मोकळं दिसतं, पण बुडखे जमिनीतच असतात. पाणी मिळालं की खोडवा फुटतो. आपली रक्ततपासणी फक्त वरचा ऊस मोजते.

हे १९९७ साली अमेरिकेतल्या तीन गटांनी दाखवलं. शांत पडलेल्या दहा लाख सीडी फोर पेशींत, पुन्हा वाढू शकेल असा विषाणू साधारण एखाद्याच पेशीत सापडतो. एवढासाच? होय, पण हा साठा निम्मा व्हायला सुमारे ४४ महिने लागतात. त्या हिशेबानं तो पूर्ण संपायला ७० वर्षांहून जास्त काळ गोळी घ्यावी लागेल. त्यात ह्या पेशी स्वतः विभागतात, तेव्हा आतल्या विषाणूचीही प्रत आयती निघते. गोळी थांबवली तर बहुतेकांत दोन-तीन आठवड्यांत विषाणू रक्तात परत दिसू लागतो.

दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच आतड्यांतल्या सीडी फोर पेशींचा फडशा पडतो. तिथलं अस्तर दुबळं होतं, जंतूंचे तुकडे रक्तात झिरपतात आणि प्रतिकारशक्ती सतत सावध राहते. उपचारानं हे बरंच निवळतं, पूर्ण नाही. ह्या सततच्या दाहामुळे हृदयविकाराचा आणि रक्त गोठण्याचा धोका वाढतो. साठ्यामुळे दाह टिकतो की दाहामुळे साठा, ह्यावर शास्त्रज्ञांचा वाद चालूच आहे. मला दोन्ही खरं वाटतं. पण नुसतं चौथं औषध जोडून साठा कमी झाला नाही, हे प्रयोगांत दिसलेलं आहे.

सीडी फोर पेशींची संख्या चांगली असताना मधूनमधून औषधाला सुट्टी द्यावी, ही कल्पना 'स्मार्ट' नावाच्या चाचणीत ५,४७२ जणांवर तपासली गेली. सुट्टी घेणाऱ्यांत मृत्यू जास्त, आणि हृदय, यकृत, मूत्रपिंडाचे गंभीर आजारही जास्त. २००६ च्या जानेवारीत ती सुट्टी बंदच करावी लागली.

आता निपाणीत बसून तंबाखूवर बोलायचं म्हणजे पंचाईतच! तरी बोलतो. २०१३ साली डेन्मार्कमधला एक अभ्यास आला. चांगले उपचार मिळणाऱ्या एचआयव्हीबाधितांत धूम्रपानानं गेलेली आयुष्याची वर्षं एचआयव्हीमुळे गेलेल्या वर्षांच्या दुपटीहून जास्त निघाली. गोळी वेळेवर आणि बिडीही वेळेवर, हा व्यवहार तोट्याचा आहे. २०२३ च्या 'रिप्रीव्ह' चाचणीत पिटाव्हास्टॅटिन ह्या कोलेस्टेरॉलच्या गोळीनं हृदयविकाराचे झटके, पक्षाघात अशा घटना सुमारे ३५ टक्क्यांनी घटल्या. भारतातलेही रुग्ण तिच्यात होते. म्हणून चाळिशीनंतर सीडी फोरइतकंच बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉल विचारत जा.

साठा आहे म्हणजे घरच्यांना धोका आहे, असा अर्थ कृपा करून काढू नका. गोळी नियमित असेल आणि विषाणू सापडत नसेल, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराकडे जात नाही. हे हजारो जोडप्यांच्या निरीक्षणातून पक्कं झालंय. आत उरलेल्या साठ्याची काळजी फक्त गोळी घेणाऱ्यानं करायची आहे.

ओळखीचं कुणी बघेल म्हणून काही जण आपलं सेंटर सोडून मिरज-कोल्हापूर गाठतात. ऊसतोडीला किंवा कामाला बाहेर जाणारेही आहेत. जा, पण न सांगता गायब होऊ नका, कारण नेमकी तिथेच गोळी तुटते. इथल्या सेंटरमधून ट्रान्सफरचं पत्र घ्या. राज्य बदललं तरी ते चालतं. थोड्याच दिवसांसाठी जाणार असाल तर जास्तीच्या गोळ्या आधीच मागून घ्या.