आईची गोधडी आणि पाठकोरे कागद

नमस्कार श्रोतेहो.

माझ्या मांडीवर आत्ता एक गोधडी आहे. घरून पिशवीत घालून आणली. तुम्हाला ती दिसणार नाही, पण आजचं बोलणं हिच्यावरूनच सुचलं आहे, म्हणून ती जवळ हवी होती.

तुम्हीही आत्ता रिकाम्या हातानं ऐकत नसाल. कोणी मेथी निवडत असेल, कोणी इस्त्री करत असेल, कोणी दुकानात गल्ल्यावर बसून सुटे पैसे लावत असेल. मुंबईत 23 जुलै 1927 रोजी रेडिओ केंद्र सुरू झालं, तेव्हापासून रेडिओनं ऐकणाऱ्याचे हात कधी अडकवून ठेवले नाहीत. मला हे फार मोलाचं वाटतं. हात कामात असले की मन आपल्या वाटेनं निघतं, कुठलं तरी जुनं काहीतरी आजच्याशी जोडतं. त्या जोडण्याबद्दलच मला बोलायचं आहे.

ही गोधडी आईनं शिवली परळच्या चाळीत, गॅलरीत बसून. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत एवढं कापड अंथरायला जागा नव्हती. पाणी भरून, स्वयंपाक आवरून झाला की शेजारच्या दोघीतिघी आणि ती गॅलरीत यायच्या. वर-खाली जुन्या सुती साड्या, मधे विटलेल्या चादरी, धोतराचे पदर. चारी कोपऱ्यांवर पितळी डबे ठेवून कापड ताणायचं. मग कडेनं धावदोरा घालायला सुरुवात करायची आणि चौकोनात चौकोन करत आत आत यायचं. पुष्कळ धुतलेल्या सुती साडीतली खळ कधीच निघून गेलेली असते, तिच्यातून सुई सरसर जाते. नायलॉनची साडी मधे घातली तर ती आतल्या आत सरकते आणि वर सुरकुती येते. हे आईला कुठल्या वर्गात शिकवलं नव्हतं. तिनं तिच्या आईचे हात बघितले होते.

वडील गिरणीत, साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात तेही. मी तेव्हा बारा वर्षांची. संप लांबत गेला, चाळीतले कितीतरी जण गावी निघून गेले. वडील राहिले. सकाळी उठून, दाढी करून, खिडकीशी बसायचे. भोंगा व्हायचा नाही, तरी भोंग्याच्या वेळेला त्यांची मान त्या बाजूला वळायची.

त्या दिवाळीला आमच्या मजल्यावर विकतचा आकाशकंदील आणणं कोणालाच परवडणारं नव्हतं. वडिलांनी कुठून तरी बांबूच्या कामट्या आणल्या आणि मोरीत बादलीभर पाण्यात भिजत घातल्या. दुसऱ्या दिवशी गॅलरीत बैठक घातली. आईनं गव्हाच्या पिठाची खळ शिजवली, आम्ही मुलांनी पतंगाचा कागद कापला, झिरमिळ्या केल्या. वडील सांगाडा बांधत होते, आणि बांधताना विणकराची गाठ मारत होते. साच्यावर तुटलेला धागा जोडायला मारतात ती. अगदी लहान, चपटी, ओढली की आणखी घट्ट बसणारी. दहा महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांना गुणगुणताना ऐकलं. शेवटी आमच्या मजल्यावर प्रत्येक दारावर कंदील लागला आणि खालच्या मजल्यावरची मुलं कामट्या घेऊन वर आली.

पोटाची चिंता असताना कंदील कसले करायचे, असं कोणी विचारू शकेल. मी त्यावर बरीच वर्षं विचार केला आहे. गिरणी बंद पडली तरी वीस वर्षं बोटांत मुरलेलं कसब बंद पडत नाही. त्याला वाट हवी असते. वाट मिळाली नाही तर माणूस आतून कोंडतो. खिडकीशी बसलेले वडील मी पाहिले आहेत आणि कामट्या बांधणारे वडीलही पाहिले आहेत, म्हणून हे खात्रीनं सांगते.

पुढे मी शाळेत मराठी शिकवायला लागले. निबंध तपासताना दरवर्षी तेच: ‘दिवाळी हा सणांचा राजा आहे.’ पन्नास वह्यांत पन्नास वेळा. मुलांचा त्यात काय दोष? निबंधाच्या पुस्तकातलं वाक्य त्यांनी मन लावून पाठ केलेलं असतं. एका वर्षी मी कार्यानुभवाचे दोन तास मागून घेतले आणि वर्गात कंदील करायला बसवले. माहीमच्या कंदील गल्लीत दिवाळीआधी कारागीर ज्या वेगानं सांगाडे बांधतात तो वेग आमच्याकडे कुठला! दोन तासांत जेमतेम चौकट उभी राहिली. मग म्हटलं, आता हातानं काय केलंत तेवढंच लिहा. सणाबद्दल एक अक्षर नको. नेहमी चार ओळींवर अडणाऱ्या एका मुलानं लिहिलं, ‘कामटी ओली असली तर वाकते. मी घाई केली. ती मोडली तेव्हा टक् आवाज झाला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.’ एवढं लिहून तो थांबला नाही, पान भरलं. तो टक् आवाज त्यानं ऐकला होता, म्हणून तो त्याच्या वाक्यात आला.

हे मला नवीन वाटलं होतं, पण आपल्याकडे ते फार जुनं आहे. माझी आजी सातारा जिल्ह्यातली. ती पहाटे दळायला बसली की ओव्या यायच्या. एकदा आम्ही मुलींनी दुपारी हट्ट धरला की आजी, ती सकाळची ओवी सांग. तिला आठवेना. म्हणाली, ‘जात्याचा खुंटा हातात आल्याबिगर ओवी येत न्हाई गं.’ ओवी हा शब्द ‘ओवणे’ या क्रियापदाशी जोडतात, हे मला फार नंतर कळलं. मणी ओवावेत, फुलं ओवावीत, तसे शब्द. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून, बायांजवळ बसून अशा ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. यातल्या बहुसंख्य बाया शाळेची पायरी न चढलेल्या. जातं फिरत होतं, घास घातला जात होता, आणि माहेर, सासर, भाऊ, विठ्ठल, सगळं ओव्यांत येत होतं. लिहायला निवांत वेळ मिळाला की मग मी लिहीन, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी या बायांची आठवण देते. त्यांना निवांत वेळ म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

घरोघरची जाती गेली. बायांची पाठ सुटली, हे चांगलंच झालं. फक्त त्या लयीच्या जागी आपण दुसरं काही ठेवलं का, हा प्रश्न माझ्या मनात राहतो. मोबाइलबद्दल मी तक्रार करणार नाही; क्रोशाचे दोन नमुने मी त्यावरच बघून शिकले. पण पडद्यावर अंगठा सरकवताना हात काही घडवत नाही, एवढं मात्र खरं.

आता लिहिण्याकडे येते. आई चौथी शिकलेली. तिनं आयुष्यात काही लिहिलं असं आम्ही कधी म्हटलं नसतं. ती गेल्यावर खोली आवरताना पलंगाखाली कॅलेंडरांची गुंडाळी सापडली. जयंत साळगावकरांनी 1973 साली मुंबईतून कालनिर्णय सुरू केलं आणि मराठी घरातल्या भिंतीवर तारखेच्या चौकोनांना एक वेगळंच काम लागलं. दुधाचा खाडा, रॉकेल आलं, सिलिंडर लावला. आईच्या चौकोनांतही हेच होतं. पण मधेच कुठे तरी, ‘पाऊस. गॅलरी भिजली. गोधडी आत.’ एका चौकोनात, ‘हे आज हसले.’ संपाच्या वर्षाच्या नोव्हेंबरात, ‘कंदील 9.’ मी तिथेच जमिनीवर बसले. ज्या बाईला मी कधी लिहिताना पाहिलं नव्हतं, तिची दहा वर्षांची रोजनिशी माझ्या हातात होती, तीन तीन शब्दांची.

म्हणून मी कोणाला मोठं लिहा असं सांगत नाही. कॅलेंडरचा चौकोन पुरे. त्यात आज डोळ्यांनी बघितलेलं, हाताला लागलेलं एक काहीतरी लिहा. ‘बरं वाटलं’ असं लिहिलंत तर दहा वर्षांनी त्यातून काही हाती लागणार नाही. ‘गॅलरी भिजली’ यातून अख्खा दिवस परत येतो.

चौकोन अपुरा पडायला लागला की वही घ्या, आणि ती विकत न आणता शिवा. घरात, ऑफिसात पाठकोरे कागद ढिगानं असतात. त्यातले आठ घ्या, छापील बाजू आत जाईल अशी प्रत्येकाची घडी घाला. आता ही आठ पानं पुस्तकासारखी घडीत घडी बसवायची असतील तर छापील बाजू मधून मधून दिसेल. दिसू द्या, जुन्या पावतीच्या पाठीला लागून आपली ओळ आली तर मला ती आवडते. वरून जाडसर पुठ्ठा, लग्नपत्रिकेचा चालतो. घडीच्या रेषेवर दाभणानं तीन भोकं पाडा, एक मधोमध, एक वर, एक खाली. सुई मधल्या भोकातून आतून बाहेर काढा, दोऱ्याचं टोक आत थोडं सोडून. बाहेरून वरच्या भोकात घाला. आत आल्यावर मधलं भोक सोडून थेट खालच्या भोकातून बाहेर पडा. परत मधल्या भोकातून आत या. आता आत दोऱ्याची दोन टोकं आहेत आणि मधून एक लांब टाका गेलेला आहे. त्या टाक्याच्या दोन बाजूंना दोन टोकं घेऊन गाठ मारा. झाली वही. पंधरा मिनिटांचं काम आहे. माझ्या वर्गातली मुलं विकतच्या वहीत लिहायला कचरतात, खाडाखोड होईल म्हणून. स्वतः शिवलेल्या वहीत बिनधास्त खाडाखोड करतात.

अशाच वह्यांतून आमचं शाळेचं हस्तलिखित निघतं. महाराष्ट्रात दिवाळी अंकाची परंपरा मुंबईतूनच सुरू झाली, काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकानं 1909 साली पहिला दिवाळी अंक काढला. आमचा अंक एकाच प्रतीचा. मुखपृष्ठ भरतकामाचं, मुलींनी आणि मुलांनी मिळून केलेलं: साखळी टाका, गाठीचा टाका, कडेला काजटाका. ती एक प्रत वर्गात हातोहात फिरते, एकेका घरी एकेक रात्र मुक्कामाला जाते, आणि परत येते तेव्हा तिच्यावर कधी हळदीचा डाग असतो. एका आजींनी शेवटच्या कोऱ्या पानावर स्वतःची एक आठवण लिहून पाठवली होती. आम्ही ती पुढच्या वर्षी पहिल्या पानावर घेतली.

वेळ कुठून आणायचा, हे मला सगळ्यांत जास्त विचारलं जातं. मुंबईत हा प्रश्न खराच आहे. मी भांडुपहून दादरला धीम्या गाडीनं जाते. बसायला मिळालं तर कांजूरमार्गला क्रोशाची सुई बाहेर निघते. साखळी, मुका खांब, खांब. शेजारची बाई बघते, मग विचारते, मग घाटकोपरपर्यंत तिच्या हातात माझी सुई असते. कुर्ल्याला गर्दी आत घुसली की लोकर पिशवीत. आणि शीवपासून दादरपर्यंत, उभी असले तर मनात, बसलेली असले तर वहीत, चार ओळी. काल लिहिलं ते असं: विद्याविहारला चढलेल्या बाईच्या ओंजळीत गजऱ्याचं पुडकं होतं आणि ती ते डोक्याच्या वर धरून आत शिरली, सगळा डबा मोगऱ्याचा झाला. ही काही कविता नाही. पण लिहिली नसती तर आज सकाळी मला आठवली नसती.

सामानासाठी अडून राहू नका. हौस म्हणून भुलेश्वरला लेस आणि मणी बघायला जरूर जा, मंगलदास मार्केटात कापडाच्या थप्प्यांमधून फिरा, डोळे निवतात. सुरुवात मात्र घरातल्या बोचक्यातूनच होते. फाटलेला परकर, मुलाचा आखूड झालेला शर्ट, एक सुई.

आता या गोधडीकडे परत येते. हिच्यात बेचाळीस तुकडे आहेत. आईला प्रत्येक तुकडा तोंडपाठ होता. ही तुझ्या बारशाची कुंची, हा आत्याच्या लग्नातल्या साडीचा काठ, हे वडिलांचं पहिल्या बोनसचं शर्टाचं कापड. मी ऐकायचे आणि हूं म्हणायचे. लिहून घ्यावं असं कधी वाटलं नाही, कारण ती होती. ती गेल्यावर एका रविवारी मी वही घेऊन बसले आणि एकेक तुकड्यावर बोट ठेवत लिहायला लागले. सतरा आठवले. आत्याला फोन केला, तिनं नऊ सांगितले. चाळीतल्या एक काकू आता विरारला असतात, त्यांच्याकडे गोधडी घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून, हात फिरवून, अकरा ओळखले. दोन तर त्यांच्याच साड्यांचे निघाले. प्रत्येकाची ओळ मी पांढऱ्या सुती पट्टीवर काळ्या दोऱ्यानं भरते आहे आणि गोधडीच्या पाठीवर शिवते आहे. आठवड्याला एखादी होते.

पाच तुकडे राहिले. त्यांची माहिती सांगणारं आता कोणी नाही. काल रात्री त्यातल्या एकाची पट्टी पूर्ण झाली. तिच्यावर मी भरलं आहे: ‘निळा, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचा. कोणाचा ते ठाऊक नाही. आईनं इथे टाके फार जवळ जवळ घातले आहेत.’

नमस्कार.